मागच्या सीटची तारीफ

रुआबांध्याच्या धनंजय कापगत्याला क्रूझर मोटरसायकल घ्यायची होती, आणि ती कोणती घ्यायची यावर त्याने एवढा विचार केला, की मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा कोणी करत नसेल. शोरूममध्ये दोन गाड्या मनात भरल्या होत्या. एक साडेतीनशे सीसीची. गुबगुबीत सीट, मऊ शॉकअप, चालवली की पाळण्यात बसल्यासारखं वाटे. दुसरी साडेसहाशेची. बुटकी, रुंद, पाय पुढे पसरून बसायची, आणि ॲक्सिलरेटर पिळला की पोटातलं पाणी पाठीला जाऊन चिकटायचं. पहिलीवरून उतरताना तो म्हणाला, "चांगली आहे." दुसरीवरून उतरताना नुसता हसत राहिला. त्याची बायको सीमा तिथेच समजली, की निकाल लागला.

तिने एकच प्रश्न विचारला.

"मी बसू कुठी?"

"हे काय, मांगं."

"हे सीट आहे? मले वाटलं, कोणं पोळपाट ठेवला."

"क्रूझरचं सीट असंच रायते. तू पॉवर पाहाय, पॉवर!"

"पॉवर तुमच्या हातात रायते. माही तं पाठ रायते," सीमा म्हणाली. पण तोवर धनंजय सेल्समनशी रंगाबद्दल बोलायला लागला होता.

दसऱ्याला गाडी घरी आली. झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि धनंजय सीमाला घेऊन दुर्गला निघाला. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत पोलाद प्लांटच्या टाउनशिपचे स्पीडब्रेकर होते. पुढच्याला ते जाणवत होते, मागचीला ते मोजून मिळत होते. गुडघे छातीशी आलेले, धरायला नवऱ्याच्या शर्टाशिवाय काही नाही, आणि इंजिनची धग साडीच्या निऱ्यांतून पोटरीपर्यंत. नेहरूनगरच्या पुढे रस्ता मोकळा झाला, धनंजयने मूठ पिळली आणि लोखंडाचे कॉइल घेऊन चाललेला लांबलचक ट्रेलर बघता बघता मागे पडला. धनंजय आनंदाने ओरडला, "पाह्यलं?" सीमाने डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे तिने काही पाहिलं नाही.

घरी येऊन ती पलंगावर पालथी झोपली.

खरं तर धनंजयचंही सगळं सुरळीत नव्हतं. तो प्लांटात क्रेनवर होता. सिग्नलला गाडी थांबली, की इंजिनच्या वाफा मांड्यांना लागत आणि त्याला वाटे, फर्नेसवरून सुटलो आणि फर्नेसवरच येऊन बसलो. पाय पुढे पसरून बसलं की दिसायला ऐट, पण खड्ड्यातला दणका पायांवर घेताच येत नाही, तो थेट माकडहाडात जातो. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. मात्र त्याच्या बनियनला बामचा वास यायला लागला. सीमाने विचारलं, तर म्हणाला, "सर्दी झाली."

"कमरेले?"

तो अंघोळीला निघून गेला.

गाडी प्लांटात न्यायची नाही, हेही त्याने ठरवून टाकलं. तिथल्या लाल धुळीने रंग खराब होतो म्हणे. म्हणजे ड्यूटीला तो सीमाची जुनी स्कूटर घेऊन जायचा आणि सीमा भाजीला पायी.

दिवाळीत दुर्गहून मोठे दीर देवीदास आणि जाऊ कांता फराळाला आले. देवीदास रेल्वेतून रिटायर झालेला, अतिशय कमी बोलणारा माणूस. त्याच्या वाटचं कांता बोलायची. मागच्या वर्षी त्यांनी पांढरी कार घेतली होती, आणि त्या कारच्या एसीचं वर्णन ऐकूनच सीमाला हुडहुडी भरायची. कांताने अंगणातल्या क्रूझरभोवती एक फेरी मारली, मागच्या सीटवर बोट टेकवलं आणि हसली.

"हावं सीमा, यावर तुले बसवते का धनू? का नुसतं लटकवते?"

आता सीमाला खरं बोलायचं असतं तर एवढी चांगली संधी पुन्हा मिळाली नसती. दसऱ्यापासून ती हेच बोलत होती. पण ते कांताच्या तोंडून ऐकलं आणि तिच्या अंगात काहीतरी शिरलं.

"ताई, काय सांगू तुमाले," ती करंज्यांचं ताट पुढे करत म्हणाली, "दोन वर्सांपासून माही कंबर धरून होती. या सीटवर बसाले लागली तं दुखणंच गेलं."

"काहीतरीच!"

"खरंच. पाठीचा कणा सरळ रायते ना. कारमंधी आपण असे धसतो. माह्या ओळखीची एक फिजिओथेरपीवाली आहे, ते तं म्हणे, पन्नाशीच्या बायांले असंच टणक सीट पाह्यजे."

धनंजयच्या हातातली करंजी तशीच राहिली. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, बायकोने त्याच्या खरेदीची तारीफ पहिल्यांदा केली होती. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या टीनाने, त्यांच्या मुलीने, आईला नंतर गाठलं.

"मम्मी, कौन फिजिओथेरपीवाली?"

"तू चूप राय."

कांताच्या चेहऱ्यावर मात्र विचार दिसत होता. तिची स्वतःची कंबर दुखायची. आणि धाकट्या जावेकडे आपल्यापेक्षा चांगलं काही असावं, हे दुखणं त्याहून जुनं होतं.

पुढच्याच महिन्यात नणंदेच्या मुलीचा साखरपुडा आला, तोही आमगावला, म्हणजे पार राजनांदगाव, देवरी ओलांडून. बायकोच्या तारिफेने फुगलेल्या धनंजयने जाहीर केलं, की आपण दोघं गाडीवर जायचं. सीमा बोटं मोजायला लागली. एका स्पीडब्रेकरला एक दिवसाची पाठदुखी असा हिशेब धरला, तर आमगावहून आल्यावर उन्हाळ्यापर्यंत उठायला नको.

तिने दुपारी कांताला फोन लावला.

"ताई, आमी बाप्पा गाडीवर येऊन राहिलो. पाहुण्यांच्या दारात अशी गाडी उभी राह्यली म्हणजे सगळे पाह्यतच रायतील. अन माह्या कमरेलेही तेवढंच बरं. तुमी आरामात या मांगून कारमंधी."

पलीकडे कांताने टीव्हीचा आवाज कमी केला.

"सीमा," कांता म्हणाली, "आहेराच्या साड्या आहे, चिवड्याचे डबे आहे. ते कारमंधी सांभाळाले कोणी पाह्यजे. तू ये ह्यायच्यासंगं. टीनालेही घे. धनूच्या मांगं मी बसतो."

"नाई नाई ताई, तुमाले कशाले तरास?"

"मोठी मी आहो का तू?"

"तुमी," सीमा नम्रपणे म्हणाली, आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली.

साखरपुड्याच्या दिवशी पांढरी कार पुढे निघाली. मोठे दीर गाडी चालवत होते, म्हणून सीमा रीतीप्रमाणे मागे बसली, आणि रीत किती सोयीची असते ते तिला त्या दिवशी कळलं. चपला काढल्या, पाय वर घेतले, साड्यांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकलं आणि एसीच्या वाऱ्यात दुर्ग संपायच्या आत तिला डुलकी लागली. अधूनमधून टीना मागच्या काचेतून बघून बातमी द्यायची. "मम्मी, मोठी आई का पल्लू उडून राहिला." मग, "मम्मी, मोठी आईने आँखें बंद केली."

राजनांदगावच्या पुढे चहाला थांबले. क्रूझर आली, धनंजय ऐटीत उतरला. कांता उतरली नाही, तिला उतरवावी लागली. केस उभे, चष्मा कपाळावर, आणि चाल बदकाची.

"कसं वाटलं ताई?" सीमाने पाण्याचा ग्लास पुढे केला.

कांताने तिच्याकडे पाहिलं. मग कारच्या काचेतून दिसणारी ती साड्यांची उशी पाहिली. "एकदम झकास," ती म्हणाली. "कणा कसा सरळ झाला."

"थकल्या असान तं बसा ना कारमंधी."

"थकाले काय झालं?"

तिथेच कांता फसली. हे ऐकून धनंजयला मोठं भरतं आलं. वहिनीसारखी कदरदान मागे बसल्यावर हात आखडता घेणं बरं नव्हे, म्हणून त्याने बागनदीच्या जंगलात मूठ अशी पिळली, की ट्रकवाले आपणहून बाजूला झाले.

आमगावला मांडवात सगळ्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या. कांता खांबाला टेकून उभी राहिली. नणंद दोनदा येऊन गेली. "वहिनी, बसा ना."

"दिवसभर बसूनच तं आली," कांता म्हणाली. आणि मग उभी का, हे सांगणं आलंच, तर तिने गाडीचं वर्णन सुरू केलं. सीट कसं, वारा कसा, ट्रक कसे मागे पडतात, कंबर कशी हलकी होते. सीमाची फिजिओथेरपीवाली या वर्णनात मोठी डॉक्टरीण झाली, आणि नागपूरहून आली. नवरीच्या मावश्या तोंडात बोटं घालून ऐकत होत्या. सीमा मनात हसत होती. पुरुषांच्या बाजूला बसलेला देवीदास मात्र अजिबात हसत नव्हता. तो ऐकत होता.

परतताना कांता पदर खोचून सरळ कारकडे निघाली. देवीदासने दार उघडू दिलं नाही.

"तू धनूसंगंच ये," तो प्रेमाने म्हणाला. "तुह्या कमरेले बरं वाटते ना."

अख्खा मांडव निरोप द्यायला उभा होता. कांता क्रूझरवर बसली. कारमध्ये पाय पसरताना सीमाला पहिल्यांदा थोडं वाईट वाटलं. मग तिला झोप लागली.

पण यातली खरी गंमत पंधरवड्याने झाली. देवीदासने आयुष्यभर स्कूटर चालवली होती, आधी पोरांची शाळा म्हणून, मग पोरांचं कॉलेज म्हणून. तरुणपणी त्याला मोटरसायकल हवी होती, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण तो कोणाला काहीच सांगत नसे. आता बायकोच म्हणते म्हटल्यावर तो एका सकाळी कार घेऊन बाहेर पडला आणि जेवायच्या वेळेला साडेसहाशेची क्रूझर घेऊन परतला. धनंजयची काळी होती, याची निळी. कार एक्सचेंजमध्ये गेली.

कांता दुसऱ्या दिवशी ऑटो करून रुआबांध्याला आली. धनंजय ड्यूटीवर होता. ती पाटावर बसली, उठली, गादीवर बसली.

"सीमा, पोरीची शपथ घेऊन सांग. तुह्या कमरेले आराम पडला होता?"

सीमाने गॅस बंद केला. "नाई ताई."

"मंग सांगितलं कावून?"

"तुमी हसल्या म्हणून." सीमाने पदराला हात पुसले. "अन तुमी आमगावले कावून सांगितलं?"

"तू कारमंधी झोपली होती म्हणून!"

आधी कांताच्या खांद्याला हसू आलं, मग पोटाला, आणि मग कमरेला कळ आली तशी ती "आई गं" म्हणत आणखीच हसायला लागली. सीमाने तिला बाम चोळून दिला. धनंजयचाच.

"कार गेली," कांता पालथी पडूनच म्हणाली. "आता कुठी जाणं म्हणजे ह्यायच्या मांगं पोळपाटावर."

"पोळपाटच बदलवून टाकू," सीमा म्हणाली.

सुपेल्याच्या बाजारात एक म्हातारा कारागीर होता, ट्रकच्या आणि ऑटोच्या गाद्या शिवणारा. धनंजयची दिवसपाळी आणि देवीदासची दुपारची झोप असा मुहूर्त साधून दोघींनी दोन्ही गाड्यांची सीटं काढवून घेतली. ड्यूटीची स्कूटर परत आली नव्हती, म्हणून शेजारणीची मागितली. सीमा चालवत होती, मागे कांता मांडीवर सीटांचा ढीग घेऊन, नाकापर्यंत झाकलेली. कारागिराने सीटं उलटीसुलटी केली आणि मान हलवली.

"दीदी, चौड़ा करहूँ तो गाड़ी के लुक बिगड़ जाही."

"बिगडू द्या," कांता म्हणाली. "लुक आमी मांगं बसून थोडीच पाह्यतो?"

मागे रुंद, जाड फोमचं सीट, त्याला पाठ टेकायला गादी, धरायला कड्या. सीमाने जरा विचार करून पुढचं सीटही मऊ करायला सांगितलं. बामचा वास तिला रोज येत होता.

संध्याकाळी धनंजयने अंगणात पाऊल टाकलं आणि डबा त्याच्या हातातून पडता पडता राहिला.

"हे काय केलं! माह्या क्रूझरचा ऑटो करून टाकला!"

"बसून तं पाहा."

"मी बसत नाई. लोक हसतीन. उद्याच जुनं सीट लावतो." मग पुराव्यासाठी म्हणून तो बसला. जरा मागेपुढे सरकला. "ब्रेक बरोबर लागते का पाहून येतो," असं पुटपुटत त्याने गाडी सुरू केली आणि गेला. भाजी गार झाली, टीना जेवून उठली, तरी आला नाही. परत आला तेव्हा पार राजनांदगावच्या पुढे चिचोल्यापर्यंत जाऊन आल्याचं कबूल केलं, आणि ताटावर बसता बसता म्हणाला, "लुक तं गेलाच म्हणा." जुन्या सीटचं नाव मात्र काढलं नाही.

सीमाने लगेच दुर्गला फोन लावला. "ताई, भाऊजी रागावले का?"

"मले काय माहीत? बोलतेच कुठी ते," कांता म्हणाली. "संध्याकाळपासून अंगणातल्या दिव्याखाली गाडीवर बसून आहेत. गाडी बंद आहे. मांगं पाठ टेकून पेपर वाचून राहिले, अन चहा तिथंच मांगून राहिले."