यशोदाबाईंची पट्टी

"दिन्या, आधी तुझी दोरी सोड, मग मला नमस्कार घाल!"

यशोदाबाई पगारे पदर खोचून शिरीषाखाली उभ्या होत्या, आणि दिनेश मंडपवाला शिडीवर अर्ध्यात थांबला होता. त्याच्या मंडळाचा बॅनर वर फांदीला बांधलेला. बॅनरवरचे चेहरे दर निवडणुकीला बदलायचे, दोरी मात्र तीच राहायची.

"काकू, एवढ्याशा सुतळीनं काय होतंय?"

"एवढ्याशा सुतळीवरनं मुंग्यांची वरात जाते, आणि वरातीत तो मेला पिठ्या. सोड म्हणते ना!"

दिनेशनं दोरी सोडली. यशोदाबाईंपुढं कॉलनीत कोणाचं काही चालत नसे, आणि खरं सांगायचं तर चालवून बघायची कोणाची छातीही नव्हती.

इंदिरानगरातल्या त्या कॉलनीच्या रस्त्याला विलायती शिरीषाची सात मोठी झाडं होती. सावली अशी, की दुपारी रिक्षावाले मुद्दाम वाट वाकडी करून तिथं झोपायला येत. त्या झाडांना परदेशातून आलेला पिठ्या ढेकूण लागला होता. दिसायला कापसाच्या बारीक बोंडासारखा, चिमटीत चिरडावा इतका मऊ. पण पलीकडच्या रस्त्यावरचे दोन शिरीष त्यानं उभ्याउभ्या वाळवले होते. नाशकात पिठ्या म्हटलं की द्राक्षवाले कपाळाला हात लावतात. आता शहरातल्यांची पाळी आली होती.

उद्यान विभागाच्या स्नेहल मॅडमनी कॉलनीला जमवून उपाय समजावला होता. मुंग्या ह्या किड्याला सांभाळतात, उचलून वर नेऊन ठेवतात, बदल्यात त्याच्या अंगातला गोड चिकटा खातात. तेव्हा खोडाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची, तिच्यावर ग्रीस फासायचं. मुंगी अडली की किडा निम्मा अडला. झाडाला बाहेरून टेकणारं काही ठेवायचं नाही, ना दोरी, ना वायर. आणि जे झाड पुढच्या उन्हाळ्यात पालवणार नाही ते कापायचं, नाहीतर त्याच्यावरचा किडा बाकीची खाईल.

पट्टी म्हटल्यावर यशोदाबाई उठून उभ्याच राहिल्या होत्या. सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत त्यांची उभी हयात गेली होती. "माझ्या पट्टीखाली जखम चिघळली असा एक माणूस आणून दाखवा," असं त्या निवृत्तीनंतरही ठणकावून सांगत. असा माणूस कोणी आणला नव्हता.

वर्षभर त्यांनी कॉलनी दावणीला बांधली. गणपतीची लायटिंग झाडांवरून उतरली. केबलवाल्याला त्यांनी असं झापलं, की तो आठवडाभर दुसऱ्या गल्लीतून जात होता. मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळानं भोंग्याची वायरसुद्धा मुकाट्यानं खांबावरून घेतली. दर रविवारी यशोदाबाई ग्रीसचा डबा घेऊन निघायच्या आणि पट्टीवर बोट फिरवून, वाळली असेल तर नवा हात द्यायच्या.

सातवं झाड त्यांच्या फाटकाशी होतं. ते त्यांच्या नवऱ्यानं, सोमनाथनं लावलेलं. सोमनाथ एसटीच्या वर्कशॉपात फिटर. माणूस अबोल, सगळं काम सावकाश, पण त्यानं आवळलेला बोल्ट परत हलायचा नाही. झाड मोठं झाल्यावर त्यानं गच्चीच्या कठड्यापासून फांदीपर्यंत एक नायलॉनची दोरी ताणली होती, चौदा एप्रिलच्या निळ्या पताकांसाठी. सोमनाथ गेला. दोरी राहिली. यशोदाबाई दर जयंतीला तिच्यावर नव्या पताका लावायच्या आणि लावताना दोरीवरून एकदा हात फिरवायच्या. कोणी बघत नाही ना, एवढं बघून.

पुढचा उन्हाळा आला. सहा शिरीष पोपटी पालवीनं भरून गेले. कॉलनी हरखली, पेढे वाटले गेले, आणि दिनेशनं यशोदाबाईंच्या गळ्यात हार घालायचाही प्रयत्न केला. फाटकाशी असलेलं सातवं मात्र काटक्या वर करून उभं होतं.

"उशिरा पालवेल," यशोदाबाई प्रत्येकाला सांगायच्या. "पगाऱ्यांचं झाड आहे. त्यांना चहा प्यायला अर्धा तास लागायचा."

रात्री अंथरुणावर पडल्या, की त्यांना त्या उघड्या फांद्या डोळ्यांपुढं दिसायच्या. ते झाड जाऊ द्यायचं नव्हतं. बाकीची सहा गेली असती तरी चाललं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

मे महिन्यात स्नेहल मॅडम आल्या. बरोबर पेठ तालुक्याकडचा काळू होता, झाडं उतरवण्यात पटाईत. स्नेहलनं चाकूनं साल खरवडली. आत हिरवं काही नव्हतं, नुसतं तपकिरी.

"काकू, गेलंय हे."

"कसं जाईल?" यशोदाबाईंचा आवाज चढला. "माझी पट्टी बघा. एक मुंगी दाखवा तिच्यावर. एक!"

स्नेहलनं वाकून पाहिलं. पट्टी खरंच आरशासारखी स्वच्छ होती. "पट्टी तर एकदम बरोबर आहे, काकू. मग वर पोचले कुठून?"

कॉलनीतली चार माणसं जमली होती. दिनेश आपल्या चपलांकडं बघत होता. ड्रेसिंगच्या खोलीत हा चेहरा यशोदाबाईंनी हजारदा पाहिला होता. पथ्य मोडलेल्या पेशंटचे नातेवाईक असेच खाली बघतात.

त्यांनी मान वर केली. गच्चीच्या कठड्यापासून फांदीपर्यंत, उन्हानं विटलेल्या निळ्या पताकांच्या वरून, काळ्या मुंग्यांची ओळ शिस्तीत चालली होती.

सगळ्या कॉलनीच्या दोऱ्या सोडवल्या, आणि ही कधी दोरी म्हणून दिसलीच नाही. ही पगाऱ्यांची होती. जयंतीची होती.

"दिन्या, तुला ठाऊक होतं?"

"गेल्या पावसाळ्यातच दिसलं होतं, काकू."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"जयंतीच्या पताका..." दिनेशला घाम फुटला होता. "आमच्या तोंडानं बरं दिसलं नसतं. लोक म्हणाले असते, मंडळाची दोरी सोडायला लावली म्हणून हा डूख धरतोय. आणि वर काकांची आठवण..."

"अरे, माझा मान राखलास आणि माझं झाड घालवलंस!"

शब्द सुटला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "सांगायला आला असतास, तरी मी शिडीवरनं ढकललंच असतं तुला." स्नेहलकडं वळून म्हणाल्या, "मॅडम, कापा. आजच कापा. सहा हिरवी आहेत, ती जाऊ देऊ नका."

दोरी सोडायला मात्र त्यांनी कोणाला वर येऊ दिलं नाही. गच्चीवर जाऊन पताका एकेक काढल्या, घडी घातल्या. मग कठड्याची गाठ सोडवू लागल्या. नखं दुखली, दात लावून पाहिले. सोमनाथची गाठ तसूभर हलली नाही. शेवटी ड्रेसिंगची जुनी कात्री आणली आणि गाठीच्या पुढं दोरी कापली. गाठ कठड्यालाच राहिली.

करवत संध्याकाळपर्यंत चालली. काळूनं फांद्या अलगद, दोरावर तोलत खाली सोडल्या. फाटकाला ओरखडासुद्धा उठला नाही. एक जाड ओंडका घेऊन तो पायरीशी आला. "मावशी, दोरीचं टोक लाकडात गेलं हे. झाडानं गिळलं. निघत नाय."

"राहू दे त्याच्यातच. जाळायच्या ढिगात टाक." क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही पण."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी लख्ख ऊन पडलं होतं. अंगणात एवढं ऊन यशोदाबाईंनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या ग्रीसचा डबा घेऊन निघाल्या, तर समोर दिनेश. एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"बोल रे. काल नाही खाल्लं तुला, आज खाईन का?"

"काकू, गच्चीवरचा जास्वंद," तो एका दमात म्हणाला. "त्याच्यावर पण आहे पिठ्या. पांढरं दिसतंय खालनं. मुंग्या तिथनंच निघत होत्या."

त्या कुंडीतलं फूल रोज सोमनाथच्या फोटोला जात असे. यशोदाबाईंच्या कपाळाची शीर ताडकन उडाली. दिनेश एक पाऊल मागं सरला, पण पळाला नाही. ते बघून त्यांना आतून बरं वाटलं, अगदी खूप बरं वाटलं.

"आत्ता कसा माणसासारखा बोललास! चल वर. कुंडी जड आहे, माझ्यानं एकटीनं उचलायची नाही."

दोघांनी झाड मुळासकट उपटून काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं. दिनेश पिशवी उचलायला वाकला.

"थांब जरा," म्हणून यशोदाबाई आत गेल्या. फोटोपुढं सकाळीच ठेवलेलं टवटवीत लाल फूल होतं. त्यांनी चष्मा लावला, फूल उलटं करून देठाशी पाहिलं. कापसाचा एक बारीक ठिपका तिथं होता.

त्या बाहेर आल्या, फूल पिशवीत टाकलं, आणि पिशवीच्या तोंडाला घट्ट गाठ मारली.