हॉर्नच्या जागी नाना

गगनबावड्याच्या घाटात दरडी उपसणारा तो पिवळा बुलडोझर उद्यमनगरात हंबीररावांच्या वर्कशॉपात आला, तेव्हा त्याच्या पोटातली एकही तार धड उरली नव्हती. उन्हाळाभर तो ताडपत्रीखाली उभा होता आणि तेवढ्या अवधीत घाटातल्या उंदरांनी त्याच्या वायरिंगचा फडशा पाडला होता. कंपनीकडे नवे वायरिंग मागितले, तर तिकडून फक्त एक घडी घातलेला मोठा कागद आला. कागदावर उभ्या-आडव्या रेघांचे जाळे होते, मधूनमधून चौकोन आणि वर्तुळे होती, आणि कडेला अगदी बारीक अक्षरांत खुणांचे अर्थ दिले होते.

एरवी असे यंत्र ट्रेलरवर घालून पुण्याला धाडायचे, ही सगळ्याच वर्कशॉपांची रीत. हंबीररावांनी या खेपेला ती मोडली, कारण विजेचे ड्रॉइंग वाचणारी मुलगी त्यांनी नुकतीच कामाला घेतली होती. पद्मजाने तंत्रनिकेतनात डिप्लोमा केला होता. मालकांनी तिच्याशी बोलणे मात्र रोखठोक केले होते.

"ह्यो डोझर आपल्या पायानं ट्रेलरवर चढला, तर तू कायमची. न्हाई चढला, तर मला ड्रॉइंगवाली ठेवून काय करायचंय? पुणं हायच की."

हे घरी कळल्यावर पद्मजाच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, मुलींच्या शाळेत प्रयोगशाळेतल्या जागेसाठी शब्द टाकून ठेवला. नाना गणिताचे शिक्षक; उत्तराचा पडताळा घेतल्याखेरीज ते पुढच्या उदाहरणाकडे जात नसत. योगायोग असा, की डोझर परत न्यायला ट्रेलर यायचा दिवस आणि मुख्याध्यापिकांनी भेटीला बोलावलेला दिवस एकच निघाला. "चारच्या सुमारास मी तुला न्यायला येतो," नानांनी सकाळी सांगितले, आणि पद्मजाने डबा पिशवीत घातला. तिला त्या शाळेत जायचे नव्हते. तिला त्या पिवळ्या यंत्राच्या पोटात जायचे होते.

तारा ओढण्याचे काम आकाराम मिस्त्रींनी केले. त्यांची हयात फौंड्रीच्या पॅटर्नवर, म्हणजे ओतकामाच्या लाकडी नमुन्यांवर, गेलेली. हात असा साफ, की त्यांनी केलेल्या जोडावरून बोट फिरवले तर जोड कळत नसे. इंजिनकडच्या तारा पद्मजाने शेजारी बसून सांगितल्या. शेवटी ती स्टार्टर मोटर दुरुस्त करण्यात गुंतली, तेव्हा ड्रायव्हरच्या समोरच्या पॅनेलमागचे काम मिस्त्रींनी कागद समोर धरून एकट्यानेच उरकले.

"रेघ न रेघ केलीया, ताई," ते अभिमानाने म्हणाले. "लाव किल्ली."

किल्ली लावायचा मान ऑपरेटर ज्ञानूचा. यंत्र आजारी पडल्यापासून तो वर्कशॉपच्या दारात हिरमुसून बसलेला असे. तो टुणकन सीटवर चढला आणि त्याने स्टार्टरचे बटण दाबले.

पोंऽऽऽऽ!

हॉर्न वाजला. पुढचे दोन्ही दिवे लागले. स्टार्टर मात्र नुसता 'टक्' म्हणून गप्प झाला.

ज्ञानूने घाबरून दिव्याचे बटण दाबले. पुन्हा पोंऽऽ, पुन्हा टक्. मग त्याने हॉर्न दाबून पाहिला, तर दिवे डोळे मिचकावू लागले. शेजारच्या लेथवरची माणसे हात पुसत आली. फाटकाशी चहाची गाडी लावणाऱ्या शालूबाई किटली घेऊनच आत आल्या.

"अगं बया! वरातीला बँड कशाला सांगायचा मग? नवरदेव ह्याच्यावरच बसवा!"

पद्मजाला हसू फुटले. आपली नोकरी या पोंऽऽवर अवलंबून आहे हे तिला चांगले ठाऊक होते, आणि त्यामुळेच की काय, हसू अधिकच आवरेना. डोळे पुसत ती पॅनेलखाली शिरली, तो आत मिस्त्रींच्या कारागिरीचे नमुने ओळीने चमकत होते. जिथे जिथे एक तार दुसरीला आडवी गेली होती, तिथे तिथे सोल्डरचा सुरेख जोड होता.

"मामा, हे जोड सगळीकडे का दिलेत?"

"का म्हंजे? रेघंवर रेघ आली की जोड. आमच्या ओतकामात दोन रेघा मिळाल्या म्हंजे लोखंड एकच."

"विजेच्या ड्रॉइंगमध्ये तसं नसतं. काळं टिंब असेल तिथेच जोड. टिंब नसेल तर एक तार दुसरीवरून नुसती पुढे जाते."

मिस्त्रींनी कागद तिच्यापुढे धरला. "मग हितं टिंबं काय कमी हाईत? बघ की. मला वाटलं, माश्यांनी घाण केलीया."

पद्मजाने कागद उजेडात धरला. कागद आठवडाभर शालूबाईंच्या गाडीजवळच्या भिंतीवर टांगलेला होता. शालूबाईंचा चहा गुळाचा. माश्यांनी त्या ड्रॉइंगवर मनसोक्त मुक्काम केला होता, आणि त्यांनी मागे ठेवलेली टिंबे छापील टिंबांइतकीच गोल आणि काळी होती. नखाने खरवडावे, तर छापही उडत होता. भिंतीवर कागद टांगायला तिनेच सांगितले होते, सगळ्यांना दिसावा म्हणून.

"आता माशी कुठली आणि जोड कुठला?" ज्ञानूने विचारले.

तिने अंगणातल्या मोकळ्या जागेकडे पाहिले. मग म्हणाली, "करंटलाच विचारू या. खडू आणा."

अंगणातल्या सिमेंटवर तिने सबंध ड्रॉइंग माणसांच्या मापाने काढले. एका टोकाला बॅटरी, मग किल्ली, बटणे, दिवे, हॉर्न, स्टार्टर. संशयाच्या प्रत्येक टिंबावर तिने मोठे गोल काढले. शालूबाई बॅटरी झाल्या. किटली त्यांच्याकडेच असल्यामुळे त्याला कोणी हरकत घेतली नाही. लेथवाल्यांतले दोघे दिवे झाले. मिस्त्री स्वतः करंट झाले आणि उरलेले लेथवाले त्यांच्या मागे उभे राहिले.

"बॅटरीतून निघायचं," पद्मजा सांगत होती. "टिंब जोडाचं धरलं, तर तिथून फुटणाऱ्या प्रत्येक रेघेवर एकेक माणूस जाईल. ज्याच्यापर्यंत पोचेल त्याने आपलं काम करायचं. नको ते काम झालं, तर ती माशी."

नाना आले ते नेमके याच वेळी. धुतलेले धोतर, काखेत छत्री. अंगणाच्या कडेला सोयीची जागा पाहून ते उभे राहिले.

"पद्मजा, निघायचं ना?"

"नाना, तुम्ही हॉर्नवर उभे आहात."

"होतो बाजूला."

"नको, नको! हॉर्नला माणूसच नव्हतं. थांबा तिथेच. करंट आला की पों म्हणा."

नानांनी सभोवार पाहिले. "मोठ्याने?"

"गावाला ऐकू जाईल असं, मास्तर," शालूबाई म्हणाल्या.

ज्ञानू ओरडला, "स्टार्टर दाबला!" मिस्त्री निघाले. पहिल्या गोलावर एक लेथवाला त्यांना फुटून उजवीकडे वळला आणि थेट नानांपुढे येऊन ठाकला. नानांनी घसा खाकरला.

"पों."

"स्टार्टर दाबला तर हॉर्न कशाला वाजेल?" त्यांनी लगेच विचारले. "हे उत्तर चूक आहे."

"माशी!" सगळे एकदम ओरडले. पद्मजाने तो गोल पुसला. "आता इथे वळायचं नाही. उडी मारून सरळ जायचं!"

मिस्त्रींनी धोतराचा काचा सावरला आणि उडी मारली. पुढच्या गोलावर दिवे लागले. माशी! उडी. त्यापुढच्या गोलावर उडी मारून पाहिली, तर वीज पुढेच जाईना. तो जोड ठरला आणि टाळ्या पडल्या. बघता बघता कोणालाच उभे राहवेना. रस्त्याने जाणारे दोघे पाव्हणे आत येऊन उगाचच तारा झाले. नानांनी छत्री खाली ठेवली. दोन फेऱ्यांनंतर त्यांचा पोंऽऽ लांबू लागला आणि एकदा तर करंट आला नसतानाही वाजला.

"हॉर्न बिघडला!" शालूबाई खो-खो हसत म्हणाल्या.

"माफ करा," नाना म्हणाले. "तयारीत होतो."

हंबीरराव फाटकातून आत आले, तेव्हा त्यांचे सबंध वर्कशॉप भर कामाच्या वेळी अंगणात उड्या मारत होते.

"काय चालवलंय हे? ट्रेलर नाक्यावर आलाय! ठिक्कर खेळालायसा व्हय?"

उड्या थांबल्या. पण शेवटचा गोल अजून शिल्लक होता आणि तो स्टार्टरच्या वाटेवरचा होता.

"मालक, स्टार्टरला माणूस नाही. तिथे उभे राहता?"

"मी?"

"करंट आला की गरगर फिरायचं."

हंबीरराव एकेकाळी तालमीतले मल्ल. कोणी आव्हान दिल्यासारखे वाटले की त्यांना मागे सरता येत नसे. ते जागेवर जाऊन उभे राहिले. मिस्त्री बॅटरीतून निघाले, पुसलेल्या साऱ्या गोलांवरून उड्या घेत आले, शेवटच्या गोलावर वळले आणि त्यांनी मालकांच्या खांद्याला हात लावला. मालक फिरले. एवढा मोठा देह इतका हलका फिरेल असे कोणाला वाटले नव्हते. दिवे शांत, हॉर्न शांत, आणि मालक गरगर, गरगर!

"जोड!" नानाच पहिल्यांदा ओरडले.

मिस्त्रींनी तापलेली सोल्डरिंगची कांडी घेतली आणि खाली खडूने काढलेल्या ड्रॉइंगप्रमाणे एकेक चुकीचा जोड सोडवून तारा वेगळ्या केल्या. पद्मजा टॉर्च धरून पोटावर पडली होती. प्रत्येक तारेवर तिने स्वतः चिकटपट्टी गुंडाळली. ट्रेलर फाटकात येऊन उभा राहिला. ज्ञानूने बटण दाबले.

टक् झाले नाही. यंत्राने खोल घरघर केली, काळा धूर सोडला आणि ते धडधडू लागले. लोखंडी पट्टे सिमेंटवरचे ते सगळे ड्रॉइंग चुरडत पुढे सरकले आणि डोझर आपल्या पायाने ट्रेलरवर चढला. शालूबाईंनी फुकटचा चहा ओतायला घेतला. ज्ञानू सीटवरच नाचत होता.

हंबीरराव धापा टाकत नानांजवळ आले. "मास्तर, पोरगी आमची. शाळंला दुसरी बघाय सांगा."

"ते तिला विचारा," नाना म्हणाले.

"मी येत नाही, नाना," पद्मजा म्हणाली. तिच्या गालावर ग्रीस होते आणि केसांत खडू.

नानांनी थोडा विचार केला. पडताळा घ्यावा तसे एकदा ट्रेलरवर धडधडणाऱ्या डोझरकडे पाहिले.

"मुख्याध्यापिकांना मी जाऊन सांगतो," ते म्हणाले. "आईला मात्र तू सांग. ते काम माझ्याच्याने व्हायचं नाही."

"सांगते. एवढी माझी पिशवी धरा. घाटात हादरे बसतात, बॅटरीची तार सोडून ठेवायला हवी."

आणि ज्ञानूने इंजिन बंद करताच ती पदर खोचून ट्रेलरवर चढली.