दोन रंगांतला पुनमचंद

पुनमचंद राठोडइतका फुशारकी मारणारा माणूस अख्ख्या हिंगोलीत सापडायचा नाही. तांड्यावरचं वडिलांचं सगळं शेत गिळलं, थोरल्या भावाला, बाबूसिंगला, घराबाहेर काढलं, आणि वर विचारलं तर म्हणायचा, "तो आमचा कोणी न्हाई." असा हा गडी २००५ साली ग्रामपंचायतीला उभा राहिला. माझं स्टँडजवळ स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान. तिथं हा मतदारांना वाटायच्या पिशव्यांवर स्वतःचा फोटो छापायला आला.

फोटो खास काढलेला. गालांवर पावडर, केसांना कलप, सोनेरी काड्यांचा चष्मा. मी म्हणालो, "शेठ, दर रंगाला वेगळी फ्रेम लागते. चार रंग तरी घ्या."

"दोनातच बसव, साजीद. लोकं काय रंग चाटून राहिलेत?"

कंजुषाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कॉम्प्युटरवर फोटो घेतला आणि रंग कमी करत गेलो. सोळा, आठ, चार. आधी पावडर गेली, मग कलपाची चमक, मग चष्म्याच्या काड्या. शेवटी काळा आणि पिवळा उरला, आणि त्यात नाक, मिशा, खोल गेलेले डोळे. म्हणजे राठोडांच्या घराण्याचा चेहरा. मी त्याला पडद्यावर दाखवला. हा मोबाईलवर कुणाला तरी दम देत होता. न बघताच मान डोलावली.

तांड्यावर पहिली पिशवी म्हाताऱ्या भागूबाईच्या हातात पडली. तिनं फोटो निरखला आणि ती हरखून गेली.

"आपला बाबूसिंग! हा उभा ऱ्हायला व्हय? लई बेस झालं, मत यालाच."

पुनमचंद पिशव्यांचे गठ्ठे घेऊन तणतणत माझ्याकडे आला.

"काहून बिघडवलं माझं तोंड?"

"मी काहीच घातलं न्हाई, शेठ. वरवरचं तेवढं गेलं."

"मग खाली माझं नाव टाक. चांगलं ठळक!"

टाकलं. वर तोच चेहरा, खाली ठळक 'पुनमचंद राठोड'. मला काय, गिऱ्हाईक म्हणेल तसं. पिशव्या पुन्हा वाटल्या, आणि तांडा पेटलाच.

"भावाला घरातून हाकललं," भागूबाई चारचौघांत म्हणाली, "अन् मतं मागाया त्याचंच तोंड लावलं! जराशी लाज?"

निवडणुकीत पुनमचंद सडकून आपटला. उरलेल्या पिशव्या त्यानं चिडून उकिरड्यावर फेकल्या. त्यातली एक बाबूसिंगनं धुऊन घेतली. दर बाजाराला तीच घेऊन येतो. त्याचा फोटो तोवर कुणी काढलाच नव्हता.