पिशवी कोण झटकणार?

मी एक जुना धूळओढ्या आहे. हे नाव मला माझ्या मालकांनी दिलं. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं, पण पहिल्याच वर्षी भुसा घासून घासून ते पुसलं गेलं.

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलं नसेल, म्हणून आधी माझं ध्यान कसं आहे ते सांगतो. चार चाकांची बैठक, तिच्यावर मोटर आणि मोटरीपुढे लोखंडी डब्यात पंखा. पंख्याला एक जाड पाइप. तो करवतीला नाहीतर रंधायंत्राला जोडायचा, की पडेल तेवढा भुसा मी गिळणार. वर दोन पिशव्या. खालची प्लास्टिकची, तिच्यात भुसा साठतो. वरची मांजरपाटाची, म्हणजे जाडसर सुती कापडाची, तिच्यातून उरलेली हवा खोलीत परत जाते. मी चालू झालो की ही वरची पिशवी फुगून ताठ उभी राहायची, आणि खरं सांगतो, तिच्याबरोबर मीही फुगायचो.

माझे मालक एका शाळेत बाकं दुरुस्त करायचे. नोकरी संपल्यावर त्यांनी घरामागच्या खोलीत स्वतःचं काम मांडलं. स्टुलं, पाळणे, पुस्तकांची कपाटं. हाताला सफाई होती, पण स्वभावाने भारी चिकित्सक. कुठलीही वस्तू घ्यायची तर चार दुकानं पालथी घालणार, वहीत रकाने आखणार, मापं लिहिणार. गल्लीत सगळे त्यांना मोजपट्टी म्हणत. एकदा छताचा पंखा घ्यायला निघाले आणि तो घरी आला तेव्हा थंडी पडली होती. त्यावर त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, सगळ्या पाहुण्यांना हसवून सोडलं होतं. शेजारपाजारचे त्यांना काकू म्हणत, म्हणून मीही म्हणतो.

मी आलो आणि खोलीचा कायापालट झाला. आधी दिवसभर काम चाललं की घोट्यापर्यंत भुसा साचायचा. आता लादी चकचकीत. येणारा जाणारा म्हणायचा, इथे खाली बसून जेवावं. काकूंना तर कोण आनंद झाला! त्यांना टापटीपीचं वेड. दर रविवारी त्या माझी वरची पिशवी काढायच्या, मागच्या अंगणात न्यायच्या आणि धपाधप झटकायच्या. महिन्यातून एकदा धुवायच्या. एकदा पिशवीची शिवण उसवली तर त्यांनी निळ्या दोऱ्याने अशी सुबक टीप मारली की मीच तिच्याकडे बघत राहिलो. माझे इतके लाड दुसऱ्या कुणी कधी केले नाहीत.

मालक काम करताना तोंडाला जाड मास्क लावायचे. करवत थांबली की मास्क खिळ्याला अडकवायचे आणि चहाला जायचे. मग काकू आत यायच्या. काम संपलंय, आता धूळ कुठली, असं त्यांना वाटायचं. त्यांना कशाला, आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. अंगणात पिशवी झटकताना पिवळट ढग उठायचा, त्यात त्या डोळे मिटून उभ्या राहायच्या. नाकाला काही बांधलेलं नसायचं.

अशी अकरा वर्षं गेली.

खोकला कधी सुरू झाला ते मला नेमकं सांगता येणार नाही. आधी त्या म्हणाल्या, हवा बदलली आहे. मग म्हणाल्या, गार पाणी प्यायले. मागच्या दारापासून अंगणात उतरायला पाच पायऱ्या आहेत. परत चढताना त्या तिसऱ्या पायरीवर थांबू लागल्या. हातात माझी पिशवी, एक हात भिंतीला. मी दारातून बघायचो आणि मनात म्हणायचो, दमल्या असतील, वय झालं.

त्याच सुमारास मालकांच्या मनातून मी उतरलो. माझी ओढ कमी झाली होती, पाइप सारखा तुंबायचा. आणि एके दिवशी त्यांच्या तोंडी नवं नाव आलं, सायक्लोन. हा माझ्यासारखाच धूळ ओढणारा, पण याच्या अंगात एक उभं नरसाळं असतं. हवा त्यात गरगर फिरते, भुसा कडेला आपटून खाली पिंपात पडतो आणि हलकी हवा मधून वर निघून जाते. ऐकूनच माझं पित्त खवळलं. अकरा वर्षं राबलो आणि आता हे नरसाळं माझ्या डोक्यावर येऊन बसणार!

पण घाई कशाला? मालकांनी वही काढली. एक सायक्लोन उंच, जोरदार, पण खोलीचं छत ठेंगणं. दुसरा बुटका, बारीक घड्यांच्या फिल्टरचा, पण ओढ जरा कमी. तिसरा म्हणजे नुसतं नरसाळं. ते पिंपावर बसवायचं आणि पंखा म्हणून मलाच ठेवायचं. मालकांचा कल तिसऱ्याकडे झुकू लागला आणि माझ्या जिवात जीव आला. ते मोटरीची ताकद मोजत, पाइपाची रुंदी मोजत, दुकानदाराला फोन करून त्याच्या नाकी नऊ आणत. तो एकदा वैतागून म्हणाला म्हणे, काका, लग्नाला मुलगी बघताय की यंत्र? अशी दोन वर्षं गेली. आणि या दोन वर्षांतला एकही रविवार काकूंनी चुकवला नाही.

मग लेक आली. ती दुसऱ्या गावी नोकरी करते. आईला पायरीवर थांबलेली बघून तिने काही विचारलं नाही, सरळ डॉक्टरांकडे घेऊन गेली. मालक गेले नाहीत, कारण दुकानदार नवीन माहिती घेऊन फोन करणार होता. दुपारी लेक एकटीच कामाच्या खोलीत आली आणि मालकांसमोर स्टुलावर बसून सांगू लागली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

डॉक्टरांनी आधी विचारलं होतं, घरात लाकडाचं काम कोण करतं? काकू म्हणाल्या, हे करतात. मग त्यांनी विचारलं, आणि धूळ कोण काढतं? काकू म्हणाल्या, मी. तपासणीत कळलं, त्यांच्या छातीची ताकद निम्मीच उरली होती. बारीक धूळ वर्षानुवर्षं आत जाऊन बसली होती.

मालक म्हणाले, असं कसं होईल, इथे धूळ आहेच कुठे, लादी बघ की.

लेक उठली. तिने खिडकीची दारं लावून घेतली. एक झडप जरा वाकडी आहे, तिच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत आली. मग तिने माझं बटण दाबलं. करवत बंद, रंधा बंद, एकटा मी चालू.

मित्रांनो, त्या तिरिपेत मी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं. माझ्या मांजरपाटातून धूर निघावा तशी पिठासारखी धूळ बाहेर येत होती. जाड भुसा मी पोटात ठेवत होतो, आणि जो डोळ्यांना दिसत नाही, जो खोल छातीत जातो, तो गाळून, बारीक करून खोलीभर उडवत होतो. मी बंद झाल्यावरही तो तासभर हवेत तरंगत राहायचा. म्हणजे मालकांनी मास्क काढून ठेवल्यावर काकू त्यातच येऊन उभ्या राहायच्या. वर पुन्हा धुतलेल्या पिशवीचं कौतुक! मळलेल्या कापडाची छिद्रं बुजतात, ते धुळीला थोडं तरी अडवतं. काकू पिशवी जितकी स्वच्छ करत होत्या तितकी मी जास्त धूळ सोडत होतो. मला त्या क्षणी जळून जावंसं वाटलं.

मालक त्या तिरिपेकडे बघत राहिले. मग त्यांनी वही उघडली आणि लेकीपुढे धरली. पानंच्या पानं भरलेली. म्हणाले, "दोन वर्षं मी नुसता लिहीत बसलो गं. पिशवी कोण झटकतं, हा रकानाच नाही यात."

लेकीने वही मिटून बाजूला ठेवली. मग दोघं दुकानात गेले, आणि या वेळी फोनवर नाही, समोर उभं राहून विचारलं. ओढ किती ते नाही. बारीक धूळ शेवटी जाते कुठे, आणि पिंप भरलं की ते रिकामं कसं करायचं? दुकानदाराने उंच यंत्र छताखाली मावावं म्हणून त्याचा वरचा फिल्टर काढून तोंड भिंतीतून बाहेर काढायचं सुचवलं. त्या भिंतीपलीकडे काकूंची कपडे वाळत घालायची दोरी आहे. नको म्हणाले. नरसाळं लावून मला ठेवायचं, तर माझी मांजरपाटाची पिशवी राहणारच. तेही नको म्हणाले. बुटका निवडला. त्याचा फिल्टर पिठासारखी धूळही अडवतो. त्याला बाहेरून एक दांडा आहे, तो फिरवला की अडकलेली धूळ आतल्या आत खाली पडते. पिंपात जाड पिशवी असते, तिचं तोंड बांधूनच ती बाहेर काढायची. अंगणात नेऊन झटकायचं काही उरतच नाही. चौकशी एका दुपारात उरकली. मोजपट्टींच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

पिशवी बदलायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मास्क लावून बदलतात, आणि आता तो मास्क काम संपल्यावरही तासभर उतरवत नाहीत. मला अंगणातल्या पत्र्याखाली ठेवलं. तिथून पायऱ्या समोरच दिसतात.

डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं परत येणार नाही, आहे तेवढं टिकवा. हे मालकांना माहीत आहे. काकूंना माहीत आहे. आणि मलाही.

मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतले खेळणीवाले आले. हौसेने घरीच लाकडी गाड्या, भोवरे करतात. त्यांनी माझी मोटर चालू करून पाहिली, पाइपाला हात लावला. म्हणाले, असाच पडून राहण्यापेक्षा आम्हाला द्या, लादी तरी स्वच्छ राहील. मालकांना धड होही म्हणवेना, नाहीही. माझा जीव टांगणीला लागला. कुणालाही पुन्हा कामाला लागावंसं वाटतंच, ते मी नाकारत नाही. पण मनातल्या मनात मी ओरडत होतो, नका देऊ, नका देऊ. माझं कोण ऐकणार?

काकू दारात उभ्या होत्या. त्या हळूहळू तीन पायऱ्या उतरल्या, थांबल्या, श्वास घेतला.

"पिशवी कोण झटकणार तुमच्याकडे?"

खेळणीवाले कौतुकाने हसले. "सूनबाई आहे की आमची. घर कसं आरशासारखं ठेवते."

"मग नाही द्यायचा."

एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. खेळणीवाले गोंधळले. मग मालकांनी त्यांना मास्क दिला, दोघांनी मिळून मला आत नेलं, आणि मालकांनी खिडकीची दारं लावून, माझं बटण दाबून ती तिरीप दाखवली. मला घेऊन बाहेर आले तेव्हा खेळणीवाल्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते लगबगीने घरी गेले. त्यांच्याकडेही एक जुना धूळओढ्या होताच, माझ्याहून लहान.

ते गेल्यावर काकूंनी मास्क लावला आणि कात्री मागवली. माझी मांजरपाटाची पिशवी मांडीवर घेतली, निळ्या टिपेवरून एकदा हात फिरवला आणि मधोमध कापली. मला दुखलं नाही. मोकळं वाटलं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपा असं मी सांगणार नाही. मला जपलं, म्हणूनच हे झालं. एखादी खोली फार चकचकीत दिसली तर तिथल्या माणसांना विचारा, इथली धूळ शेवटी जाते कुठे, आणि कोण झटकतं? आणि जे माणूस झटकत असेल, ते खोकतंय का, तेवढं कान देऊन ऐका. वहीत नंतर लिहा.

संध्याकाळी दोघं अंगणात येऊन बसतात. परत जाताना काकू तिसऱ्या पायरीवर थांबतात. पूर्वी मालक आपल्या विचारात वर निघून गेलेले असायचे. आता तेही तिसऱ्या पायरीवर थांबतात.