बेसमेंटचा दगड

मित्रांनो, मी जुना आहे, पण जुना म्हणजे तुमच्या आजोबांच्या स्कूटरसारखा नव्हे. माझं वय एकशे ऐंशी कोटी वर्षं. हिमालयात सगळ्या थरांच्या तळाशी जो पायाचा खडक असतो, त्याचा मी वरवंट्याएवढा तुकडा. माणसांच्या सहवासात मला अवघे सहा महिने झाले, आणि तेवढ्यात शिसारी आली.

पायाच्या खडकाला सगळं सोसावं लागतं. वरचे थर येतात, झिजून जातात, आम्ही खालीच. दोन भूखंड भिडले की आम्ही दबतो, तापतो, कणकेसारखे मळले जातो आणि त्या घड्या अंगावर कायमच्या राहतात. माझ्या एका टोकाला गार्नेटचा लाल मणी होता. त्याचा आतला भाग एका पर्वताच्या वेळी वाढलेला, बाहेरचा दुसऱ्याच्या. म्हणजे हिमालयाच्या कितीतरी आधी तिथे आणखी एक पर्वत उभा राहिला होता आणि झिजून गेला होता. त्याचा साक्षीदार तेवढा तो मणी. बोगद्यासाठी भोक पाडताना मी वर निघालो. ती जागा आता काँक्रीटमागे गेली आहे.

ऋता नावाच्या संशोधक मुलीने मला मऊ कापडात गुंडाळून, पेटीत घालून घणसोलीला घरी आणलं. "आई, याला हात लावू नकोस हं," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात कापायला मशीन मिळतंय. माझं सगळं काम याच्यावर आहे." मला फार बरं वाटलं होतं.

मग घरात फरशीचं काम निघालं आणि माझी पेटी दोन दिवस दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये आली. पेटीवर ऋताने 'बेसमेंट' लिहिलं होतं. भूशास्त्रातली माणसं पायाच्या खडकाला बेसमेंटच म्हणतात. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर यांनी ते वाचलं. "बेसमेंटचा माल वर कोणी आणला? खाली टाका रे."

खाली म्हणजे पार्किंगमध्ये. गटाराचं झिरपणारं पाणी, गुटख्याच्या पिचकाऱ्या, उंदरांच्या लेंड्या. पृथ्वीच्या पोटातली आग मी सोसली, पण ही घाण मला सोसवेना. नंदकिशोरांनी मला आपल्या गाडीच्या चाकामागे लावलं. मी गोल, घरंगळलो. म्हणून त्यांनी घणाने माझी एक बाजू सपाट करवली. त्यात गार्नेटचा मणी असलेलं ते टोकही उडालं. वर पिवळ्या-काळ्या ऑइलपेंटचे पट्टे आले.

"एक नंबर स्टॉपर झाला," ते म्हणाले.

ऋता मला शोधत खाली आली तेव्हा माझ्या शेजारून दोनदा पुढे गेली. मला ओळखलं ते गावठाणातल्या गोजराबाईंनी. त्या पार्किंग झाडतात.

"ताय, यो दगड आपल्याकरचा नाय," त्या म्हणाल्या. "आपला काला हाय. यो चमकतंय."

ऋताने नखांनी रंग खरवडला. मग फुटलेल्या टोकावर तिचा हात थांबला. "मावशी, इथला तुकडा?"

गोजराबाईंचा चेहरा उतरला. "सोमवारी झारून गोनीन भरला. कचऱ्याची गारी घेऊन गेली. मना कोन काय बोललाच नाय, पोरी."

एवढ्यात नंदकिशोर आले. ऋता म्हणाली, "काका, दगड माझा होता. एकदा आमचं दार वाजवायचं ना."

"मॅडम, दगडाचं काय एवढं टेन्शन? खाणवाला आपलाच माणूस आहे. ट्रकभर आणून देतो." आणि ते हसले. खरं सांगतो, त्या गटाराची आली नव्हती एवढी किळस मला त्या हसण्याची आली. गोजराबाई मात्र मान खाली घालून उभ्या होत्या. त्यांच्यावर माझा राग नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू कळली नाही तर ती कमी प्रतीची ठरत नाही. उचलण्याआधी ज्याची आहे त्याला विचारा. आता मी ऋताच्या प्रयोगशाळेत आहे. तिने मला कापलं, घासलं, आणि हिमालय कसा उभा राहिला ते मी तिला घडीघडीने सांगितलं. मग ती मला पुन्हा भिंगाखाली धरते आणि त्याच्या आधीच्या पर्वताबद्दल विचारते. त्याचा साक्षीदार तर कचऱ्याच्या गाडीतून गेला.