वर येणारा गोळा

"बाबा, मीठ चांगलं वाटीभर घाला हं."

"वाटीभर? अगं, त्या पिठाने काय पाप केलंय?"

"खायचं नाहीये ते. ठकीला खेळायला आहे. मिठामुळे टिकतं, आणि तोंडात घातलंच तर लगेच थुंकेल." एवढं सांगून सूनबाई कामाचा फोन घ्यायला आत गेली.

आजोबा डाव्या हाताने पीठ कालवू लागले. उजवा मांडीवर टॉवेलखाली झाकलेला होता. जन्मभर बेकरीत पोत्यांनी पीठ मळलं, आणि अर्धांगाच्या एका झटक्यात तो हात लुळा पडला. बेकरी गेली ते त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. पण दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी ठकीने तो लोंबता हात पाहिला आणि आईमागे लपली. याच हाताचं बोट धरून ती झोपायची. तेव्हापासून पोर दोन हात लांब, आणि आजोबांचा हात टॉवेलखाली. या दुःखापुढे झटका परवडला.

मळता मळता मन बेकरीत गेलं असावं. तासाभराने फोन संपवून सूनबाई आली, तर भांडं उन्हात ओल्या फडक्याखाली आणि मिठाची वाटी जवळजवळ भरलेलीच. तिने फडकं उचललं. गोळा टम्म फुगला होता.

"अहो बाबा! यीस्ट घातलंत?"

आजोबांनी जीभ चावली. "जित्याची खोड गं. टाक ते. दुसरं मळतो."

"मोठ्ठं झालं!" दाराआडून ठकी ओरडली.

चिकट कशालाही हात न लावणारी पोरगी पाय न वाजवता भांड्यापाशी आली. आजोबांनी कोरडं पीठ तिच्याकडे सरकवलं. मग हळूच म्हणाले, "बोट आधी कोरड्या पिठात बुडव. हां. आता दाब."

ठकीने दाबलं. खड्डा पडला.

"मोडलं," ती रडकुंडीला आली.

"नाही मोडलं. थांब. घाई नाही करायची. येतं वर."

खड्डा सावकाश भरून आला. ठकी खुदकन हसली. मग काय, दाबायचं आणि वाट बघायची, दाबायचं आणि वाट बघायची! शेवटी गोळ्याचे लचके तोडून साप झाले, चेंडू झाले, आईला एक वाकडी बांगडीही मिळाली. बोटं चिकट झाली तशी ठकीने पुसायला समोरचा टॉवेल ओढला.

उजवा हात उघडा पडला. आजोबांचा डावा पिठाने भरलेला, झाकणार कशाने? सूनबाई पुढे झाली, पण त्यांनी मानेनेच तिला थांबवलं.

ठकी हाताकडे बघत राहिली. मग तिने बोट कोरड्या पिठात बुडवलं आणि त्या हातावर दाबलं. हात हलला नाही. ती वाकून, अगदी नाक टेकेल इतक्या जवळून बघू लागली.

"थांब," ती हाताला म्हणाली. "येतं वर."

आजोबांना तिचं बोट जाणवलं नव्हतं. ठिपका तेवढा दिसत होता, पांढरा. "हो गं माझी बाय," ते कसंबसं म्हणाले.

हात धुवायला सूनबाईने पाणी आणलं, तेव्हा त्यांनी डावा तेवढा पुढे केला. उजवा ठिपक्यासकट तसाच उघडा ठेवला.