दोन घरांत वाटलेली रायफल

मी एक रायफल. वय झालंय, पण आवाज अजून खणखणीत आहे. तेव्हा माझी हकीकत मीच सांगते.

माझी नळी कुठल्या दूरच्या कारखान्यात घडली, ते गाव मला आठवत नाही. आठवतं ते नारीन नदीचं खोरं आणि सादिरबाय शिकारी. त्याने मला पहिल्यांदा खांद्याला लावलं आणि म्हणाला, "जड आहेस गं बाई!" पुढे जन्मभर त्याने मला दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. माझा दस्ता कड्यावरून पडून मोडला, तेव्हा अक्रोडाचं लाकूड आणून त्यानेच नवा कोरला. डोंगरातून परतला की आधी मला पुसायचा, मग चहा प्यायचा. त्याची बायको म्हणायची, "हिच्याशीच निकाह लावायचा होता की!"

सादिरबाय गेला. मयताचं जेवण उरकलं, पाहुणे पांगले आणि त्याचे दोन मुलगे माझ्यावरून भांडले.

धाकटा मामबेत म्हणाला, "रीतीने बापाचं घर धाकट्याचं. घरातली रायफलही माझीच."

"आणि डोंगरात अब्बांच्या मागे कोण फिरलं? तू तर गोधडीत लोळत होतास!" थोरला शायलोबेक ओरडला. त्याने माझा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलून नळी बंद करणारा दांडा, ओढून काढला, खिशात टाकला आणि घोड्यावर बसला. "घे, बाळग आता काठी!"

बोल्टशिवाय मी खरंच काठी होते. शायलोबेक नदीपलीकडे राहत होता. बोल्ट तिकडे, मी इकडे. मामबेतने मला कोठारात उभी केली. ओल लागून अंगावर गंज चढला, दस्त्याला चीर गेली. एका हिवाळ्यात तर मला दाराचा अडसर केलं. बाजारात समोरासमोर आले की दोघे भाऊ घोडे वळवायचे. वस्तूवरून भांडणारी माणसं त्या वस्तूकडे मात्र बघत नाहीत, हे मी तेव्हा शिकले.

अशी कैक वर्षं गेली. मग एका वसंतात लांडग्यांनी मामबेतचं शिंगरू फाडलं. त्याची आई असलेली घोडी दिवसभर कुंपणाशी खिंकाळत राहिली. मामबेत नुसता हात चोळत बसला. त्याची बायको उलजान उठली, तिने मला लोकरीच्या फेल्टात गुंडाळून घोड्यावर घेतलं आणि सरळ नदी ओलांडली.

शायलोबेक अंगणात खोगीर शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "बोल्ट मागायला आलीस?"

"नाही, भावोजी. रायफल द्यायला आले."

त्याची सुई थांबली. "मामबेतला ठाऊक आहे?"

"नाही. घरी गेले की कळेलच, माझ्या कानांनाही कळेल! पण लांडगे काही वाटणी विचारत नाहीत. आज आमचं शिंगरू गेलं, उद्या तुमचं जाईल. अर्धी अर्धी गंजण्यापेक्षा पुरती तुमच्याकडे असू दे."

ती चहासुद्धा न घेता गेली. शायलोबेकने फेल्ट सोडलं, आणि माझ्या गंजलेल्या नळीवर हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी कामाला लागला. रॉकेलच्या चिंध्यांनी गंज उतरवला, गज घालून नळी घासली, चिरेत डिंक भरून दस्ता दोरीने आवळला, वर जवसाचं तेल चोळलं. बोल्ट त्याने इतकी वर्षं तेलाच्या फडक्यात जपला होता. तो माझ्यात बसवला तेव्हा आवाज आला, खट्! शायलोबेकने तो पुन्हा दोनदा मागेपुढे ओढून पाहिला.

चाचणीला त्याने मामबेतला निरोप धाडला. मामबेत आला, पण लांब उभा राहिला. पहिला बार शायलोबेकने मला दगडाला बांधून, आडोशाला बसून, दोरीने खटका ओढून उडवला. नळी शाबूत राहिली.

मग त्याने पोटावर पडून मला खांद्याला लावलं. समोरच्या उतारावर पांढरा दगड होता. बार झाला आणि धूळ दगडापासून फार दूर उडाली.

"गोधडीत लोळणाऱ्यालाही एवढं जमतं!" मामबेत हसला. "आणखी एक मार, दादा."

शायलोबेकने पुन्हा नेम धरला. त्याच्या गालाला टेकलेली मी, मला सारं कळत होतं: तो दगड शोधत होता आणि त्याला तो दिसतच नव्हता. डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता. त्याने एकदा डोळे पुसले, दोनदा पुसले. ते पाहून मामबेतचं हसू मावळलं.

तो चालत आला, भावाशेजारी आडवा पडला आणि हळूच म्हणाला, "वारं आहे, दादा. नळी डावीकडे घे. अजून. थोडी वर. आता श्वास धर."

मी गरजले. दगडाचा टवका उडाला.

"लागला?" शायलोबेकने विचारलं.

"मधोमध!" मामबेत म्हणाला. खरं तर कडेला लागला होता, पण मी कशाला बोलू?

त्या वर्षी लांडगे पुन्हा आले, तेव्हा मामबेत मला मागून घेऊन गेला आणि त्यानेच बार उडवला. एक पडला, बाकीचे कड्यापलीकडे गेले. नंतर तो मला परत द्यायला नदी ओलांडून आला.

"ठेव तुझ्याकडेच," शायलोबेक म्हणाला. "मला आता काय दिसतंय?"

"तुला दिसत नाही, मला साफ करता येत नाही. इथेच राहू दे. मला इकडे यायला काहीतरी कारण नको का?"

आता मी शायलोबेकच्या भिंतीवर असते. लांडगे फारसे येत नाहीत, मामबेत येतो. तेल चोळायला म्हणून मला खाली काढतात आणि घोडीच्या दुधाचं आंबूस कुमिस पीत गप्पा मारता मारता तेल चोळायचं विसरून जातात. तुमच्या घरीही एखादी वस्तू अर्धी अर्धी पडून असेल, तर एवढंच करा, आपली अर्धी घेऊन पलीकडे जा. माझं म्हणाल, तर थोडा गंज चढला तरी माझी तक्रार नाही.